सोनीची सोय

आज सकाळी शेजारच्या दामूशेठच्या कापडाच्या दुकानात माझी मांजर सोनी साड्यांच्या गठ्ठ्यावर झोपली होती. गिऱ्हाइकाला नेमकी त्याच गठ्ठ्यातली साडी हवी होती. "दुपारी या, आत्ता ती झोपलीय," दामूशेठ म्हणाला. मी माझ्या भांड्यांच्या दुकानातून पाहत राहिलो.

मी बोलणी करून ठेवलेला कोपऱ्याचा गाळा याच माणसाने परस्पर घेतला. तो राग मी सोडलेला नाही. पण आता वय झालं. दुकान नि घर घ्यायला कोणीही हसत पुढे येईल; मांजराला मांडी कोण देणार? मुलाकडे न्यावी तर सून शिंकते.

दुपारी घासाघीस करायच्या तयारीनेच गेलो. "माझ्यामागे सोनीला सांभाळाल?"

"सांभाळीन."

"तिला बांगडा लागतो. तुमच्याकडे तर कांदाही चालत नाही."

"दुकानात नाही चालत," म्हणत त्याने मागचं दार उघडलं. पायरीवर बशी होती आणि बशीत बांगडा.

समोरचा पहिल्याच शब्दाला कबूल झाला की आपण फसलो असं वाटून माझं डोकं फिरतं. आज मात्र हसू आलं. बांगड्याचे डोळे पांढरे पडले होते. कोळिणीने शिळा मासा याच्या गळ्यात मारला होता.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर बाजारात चला," मी म्हणालो. "कल्ले उचलून लाल आहेत का ते बघायचं असतं, शेठ."