बाधित नसलेले मिस्त्री

माझे सासरे बोटी बांधतात. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. मीही चिडले की मिस्त्रीच म्हणते, एरवी बाबा. चाळीस वर्षांत एकाही बोटीचं चित्र त्यांनी कागदावर काढलं नाही. एक डोळा मिटून फळीकडे बघायचं, "हट्टी आहे ही जरा," म्हणायचं आणि वाफेवर तिला वाकवायचं.

शेडच्या मागे खाडी, शंभरेक पावलांवर. मधली मोकळी जमीन सरकारी. बोट तयार झाली की तिथे लाकडी ओंडके अंथरायचे आणि भरतीच्या वेळी बोट त्यांवरून ढकलत पाण्यात सोडायची. त्याच दिवशी ओंडके उचलून, धुऊन पुन्हा शेडमध्ये. चिखलात राहिले की कुजतात. एखादा बाहेर विसरला तर बाबा घर डोक्यावर घ्यायचे.

मग शहराला बाहेरून वळसा घालणारा मोठा रस्ता आणि त्याला चिकटून रेल्वे करायचं ठरलं. शहरात म्हणे मुंगीला शिरायला जागा उरली नाही. मोजणीवाले येणार अशी नोटीस आली. आम्ही काय करावं? आदल्या दिवशी मागची सगळी जागा लख्ख झाडून काढली. साहेब लोक येणार, पसारा दिसायला नको! झाडू माझ्याच हातात होता. अशी मी शहाणी.

मोजणीदार भला माणूस. चहा प्यायला, शेड मोजली आणि मागे बघून म्हणाला, "इथे काही नाही ना?"

"काही नाही. एकदम स्वच्छ," बाबा ऐटीत म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली.

नकाशा आला तेव्हा रस्ता आणि रूळ बरोबर शेड आणि खाडीच्या मधून जात होते. मी कचेरीत धावले.

"नशीबवान आहात, ताई," कारकून म्हणाला. "तुमची वीटसुद्धा जात नाही. बाधितांच्या यादीत नावच नाही."

"अहो, पण बोट पाण्यात कशी जाणार?"

"मोजणीत तर तिथे काहीच नाही."

"ओंडके टाकतो आम्ही!"

"मग कुठे आहेत ते?"

"शेडमध्ये."

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. मला इतका संताप आला की रडूच फुटलं. त्यानंतर किती अर्ज दिले, किती उंबरठे झिजवले; सगळे गोड बोलले, कुणी काही केलं नाही.

तेव्हा शेडमध्ये एका मच्छीमाराची बोट अर्धी झाली होती. रस्त्यासाठी टाकलेला मातीचा भराव शेडमागे पोचायच्या आत ती पाण्यात गेली तरच सुटणार होती. मागून मातीचे ट्रक रोज जवळ येत होते. माझा जीव टांगणीला. आणि बाबांनी बसवलेल्या तीन फळ्या परत काढल्या! का, तर अर्ध्या बोटाचा फरक होता.

"बाबा, चालवून घ्या हो थोडं!"

"लाटा चालवून घेत नाहीत, सूनबाई."

मी कपाळाला हात लावला. बोट पुरी झाली त्या आठवड्यात भराव शेडच्या छपराएवढा उंच झाला होता. रस्त्याकडून न्यावी म्हटलं तर गल्लीत हातगाडी कशीबशी शिरते.

मच्छीमार आला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "मिस्त्री, तुमचा दोष नाही. माझं इंजिन तेवढं काढून नेतो." आणि ते घेऊन गेला.

तो गेल्यावर बाबांनी मला नळाला पाइप लावायला सांगितला. पाइपाचं तोंड बोटीत सोडलं आणि बोट काठोकाठ भरेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मग खाली वाकून प्रत्येक सांध्याला हात लावत तिच्याभोवती एक फेरी मारली.

"बघ," कोरडा तळहात माझ्यासमोर धरून ते म्हणाले, "एक थेंब गळत नाही."

"नाही हो बाबा," मी म्हटलं.

आणि माझ्यादेखत ते पहिल्यांदाच ढसाढसा रडले.