क्लॅरीचा उघडा रेडिओ

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कावेल गावात क्लॅरी बेनफिल्डची डबी ज्याच्याकडे नाही असा हौशी रेडिओवाला शोधून सापडणार नाही. तंबाखूच्या रिकाम्या डबीत तो दोन डायोड आणि एक इवलासा दिवा बसवायचा. शेजारच्या अँटेनाचा जोराचा मारा आला की दिवा जळायचा आणि रेडिओ वाचायचा. डबी देताना दरडावायचा, "शेजारी बोंबलला की आपले कान झाकावेत, गाढवा!"

आणि या शहाण्याच्या स्वतःच्या रेडिओला डबी नव्हती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! विचारलं की म्हणायचा, "डबी थोडा आवाज खाते. डेसचा आवाज आधीच मुंगीएवढा. तो मी कुणाला खाऊ देणार नाही."

डेस त्याचा धाकटा भाऊ, लांब नॉरफोक बेटावर. दर रविवारी दुपारी दोघं मोर्सच्या टकटकीत गप्पा मारायचे. आधी हाक धाकट्याने मारायची, हा लहानपणापासूनचा रिवाज. फोन फक्त वाईट बातमीसाठी.

डबी नाही म्हणून क्लॅरी गप्पा संपल्या की अँटेनाची तार उपसून ठेवायचा. एप्रिलमध्ये आमच्या क्लबची स्पर्धा होती आणि क्लबची मोठी अँटेना त्याच्या कुंपणाला लागूनच. भावांच्या गप्पा होईपर्यंत आम्ही गप्प बसलो होतो. क्लॅरी हसतच क्लबच्या तंबूत आला. "टकटक करताना डेसचा हात थरथरतो हल्ली. त्याला म्हटलं, पत्र्यावर कोंबडी नाचतेय की काय!" त्याने खिमा भरलेली गरम पास्टी उचलली, आम्ही प्रक्षेपण सुरू केलं. तार उपसायची राहून गेली होती.

पुढच्या रविवारी डेस रेडिओवर आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रेडिओ तर चालू होता, जवळच्या ॲडलेडची मंडळी खणखणीत ऐकू यायची. मग संशय कोण घेणार?

"रुसलाय," क्लॅरी म्हणाला. "कोंबडी झोंबली त्याला."

"अरे, मग तूच हाक मार की! नाहीतर फोन कर," मी म्हटलं.

"फोन वाजला तर त्याला वाटेल मी मेलो. आणि मी थोरला आहे. तो मारेल हाक."

मला असा राग यायचा! हट्टाला औषध नसतं.

जुलैत, आमच्याकडच्या हिवाळ्यात, क्लॅरीकडे फोन वाजला. मी समोरच चहा पीत होते. डेसची बायको आयव्ही होती. रडत इतक्या मोठ्याने बोलत होती की मलाही ऐकू आलं. डेस झोपेतच गेला होता.

"परवाच्या रविवारीही तासभर हाका मारत बसला होता रे. मी म्हटलं, फोन कर. तर म्हणाला, थोरला घाबरेल. रुसलाय, येईल ताळ्यावर."

"हाका मारत होता?" क्लॅरीने विचारलं. मग त्याने रेडिओकडे पाहिलं.

रेडिओ मीच उघडला. अँटेनाकडचं तारेचं पहिलंच वेटोळं जळून काळं पडलं होतं. जवळचे मोठे आवाज तेवढे आत झिरपत होते.

"कधीपासून?" त्याने विचारलं. "पास्टी खायला आलो तेव्हापासून," तोच म्हणाला.

मी वेटोळं बदललं. त्याने कपाटातून एक डबी काढून स्वतःच जोडली. "खाऊ दे आता हवं तेवढं."

रविवारी दुपारी मी कुंपणापाशी थबकले. क्लॅरीच्या खिडकीतून टकटक येत होती. या खेपेला थोरल्याने आधी हाक मारली होती.