वाईनमधला अक्रोड

"यात अक्रोड आहे का हो?" मिसेस करंदीकरांनी ग्लास नाकापासून लांब धरत विचारलं.

"नाही मॅडम. नुसता वास आहे," मी हसून म्हणालो.

शुक्रवारचा लंच होता. आखातातल्या मनामा शहरात, एका हॉटेलात मी सोमेलिए आहे. म्हणजे कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाईन घ्यावी हे पाहुण्यांना सांगायचं आणि ती ओतायची. करंदीकर नवरा-बायको जवळच्याच अमवाज बेटांवरून लग्नाचा पंचविसावा वाढदिवस साजरा करायला आले होते. माझ्या कोटावरचं 'सावंत' वाचल्यापासून आम्ही मराठीतच बोलत होतो. मॅडमना अक्रोडाची ॲलर्जी. बुकिंगच्या वेळीच त्यांनी सांगितलं होतं, आणि ऑर्डरच्या कागदावर 'नो नट्स' मीच लिहिलं होतं.

वाईन फ्रान्सच्या झुरा भागातली होती, पिवळी. ती सहा वर्षांहून जास्त काळ लाकडी पिंपात मुरते. पिंपातली कमी झालेली वाईन पुन्हा भरत नाहीत. तिच्यावर यीस्टची साय धरते, आणि त्या सायीखाली तिला अक्रोडासारखा वास येतो. अक्रोड त्यात औषधालाही नसतो. हे सगळं मी रंगवून सांगितलं. तिकडचे लोक तिच्याबरोबर क्रीम आणि मश्रूमच्या सॉसमधलं चिकन खातात. आमच्या मेनूवर तेच होतं.

"बघ, उगाच घाबरतेस," मिस्टर करंदीकर म्हणाले. दोघांनी जेवायला सुरुवात केली.

चारेक घास झाले असतील.

"ओठ चुरचुरतायत माझे," मॅडम म्हणाल्या.

"पहिल्यांदा पिताना वाटतं तसं. काही नाही होत," मी म्हणालो.

आणि मग त्यांच्या गळ्यावर लाल गांधी उठल्या. माझ्या डोळ्यांदेखत. आवाज घोगरा झाला. श्वासाबरोबर छातीतून शिट्टी वाजायला लागली.

"पेन! पर्समध्ये पेन आहे तिचं!" मिस्टर करंदीकर ओरडले.

हे पेन म्हणजे ॲलर्जीवरचं इंजेक्शन. कपड्यांवरूनच मांडीत टोचतात. त्यांनीच ते टोचलं. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. काय बोललो ते आठवत नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी मॅडमच्या शेजारी जमिनीवर बसून होतो, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

त्यांना नेल्यावर मी किचनमध्ये धावलो.

"शेफ, त्या सॉसमध्ये काय होतं?"

"नट्स नव्हते. सजावटीला वर घालतो ते अक्रोड मी स्वतः काढले," आमचा फ्रेंच शेफ बर्नार म्हणाला. मग त्याची नजर शेगडीशेजारी गेली. माझीही गेली. तिथे अक्रोडाच्या तेलाची बाटली होती.

"तूच म्हणालास," तो हळूच म्हणाला.

खरं होतं. सकाळी सॉस चाखताना मीच म्हणालो होतो, "वाईनपुढे हा फिका पडतोय, थोडं अक्रोडाचं तेल घाल." आणि दुपारी मीच 'नो नट्स' लिहिलं. तेल म्हणजेही अक्रोडच, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्याच्याही नाही.

तेवढ्यात आमचे मॅनेजर फादी सर आले. मी सगळं सांगितलं.

"कारण माहीत नाही, एवढंच बोलायचं. खलास," ते म्हणाले.

"सर, डॉक्टरांना कळायला हवं."

"आणि तुझ्या नोकरीचं काय?"

मी त्यांच्यासमोरच मिस्टर करंदीकरांना फोन लावला. "साहेब, सॉसमध्ये अक्रोडाचं तेल होतं. मीच घालायला सांगितलं होतं." पलीकडे त्यांनी डॉक्टरांना हाक मारली.

मॅडम वाचल्या. एक रात्र त्यांना देखरेखीखाली ठेवलं. मला आणि शेफला वॉर्निंग लेटर मिळालं. नोकरी टिकली.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये माफी मागायला गेलो. मॅडमचा चेहरा अजून सुजलेला होता. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ओठ चुरचुरल्यावर मी खाणं थांबवणार होते, सावंत. पण तुम्ही 'काही नाही होत' म्हणालात. इंग्लिशमध्ये म्हणाला असतात, तर मी नसता ठेवला विश्वास."

तेव्हापासून किचनमध्ये जाऊन विचारल्याशिवाय मी कुणाला 'काही नाही होत' म्हणत नाही. मराठीत तर नाहीच नाही.