शेवटच्या ओळीतलं नाव

रामाकोन्याच्या नत्थूजींनी साठच्या दशकात शंभरावर भजनं रचली, चाली लावल्या, खंजरीवर गायली. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत ती आजही गातात, पण दुसऱ्याची म्हणून. चोरी कोणी केली नाही. आमच्याकडे रचणारा शेवटच्या ओळीत आपलं नाव घालतो. नत्थूजींनी गुरूचं घातलं, लोधीखेड्याच्या केशवरावांचं. केशवरावांनी खंजरी शिकवली, एवढंच. मला विचाराल तर हा शुद्ध गाढवपणा, आणि मी तो त्यांच्या तोंडावर बोललोय.

केशवराव जाऊन वीस वर्षं झाली. यंदा त्यांचा नातू वैभव आजोबांची म्हणून ती भजनं छापायला निघाला. ते कळताच नत्थूजींची बायको अंबाबाई माझ्याकडे आल्या. "मास्तर, यायले घेऊन जा तिथं. पुस्तक निघालं का मंग यायचं काईच नाई राहत." नत्थूजी पंच्याऐंशीचे. त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून मी लोधीखेड्याला नेलं.

वैभव भला माणूस. पाया पडला, चहा आणवला. मी दम न खाता सगळं सांगून टाकलं. त्यानं भजनांचे कागद नत्थूजींपुढे सरकवले.

"बाबाजी, खरं असन तं सांगा," तो म्हणाला. "सगळीकडे तुमचं नाव टाकून देतो."

नत्थूजी छापायचे कागद उलटत होते. बोला एकदाचे, असं मला झालं होतं.

"राहू दे. चार लोकायत बसून गायची हिंमत मले त्यायच्याच नावानं आली. देल्लं ते देल्लं."

माझं डोकंच फिरलं. पण मग एका पानावर त्यांचं बोट थांबलं. त्यांची लेक चंद्रकला चार वर्षांची असताना तापानं गेली, त्या आठवड्यात रचलेलं ते भजन. सवयीनं त्याच्याही शेवटी गुरूचं नाव पडलं होतं: 'केशवाची बाळी निजली, हाका कोणी मारू नका.' केशवरावांना तर मुलगीच नव्हती.

"हे एक बदलून दे, बापा." नत्थूजींनी ते पान वैभवपुढे धरलं.

वैभवनं पेन काढलं. "'नत्थूची बाळी' करू?"

"माह्यं नको. 'चंद्रकला निजली' असं लिही. तिचं नाव कुठंच लिहेलं नाई. शाळेत टाकाच्या आधीच गेली ते."