एक रेघ की दोन

टेकडीवरच्या दुर्बिणीला डोळा लावून कोणी बसत नाही, हे गावात सांगून सांगून फिटरचं तोंड दुखलं होतं. लोकांचा समज असा, की हा माणूस रात्रभर चंद्राशी गप्पा मारतो आणि दिवसभर घोरतो. खरी गोष्ट वेगळी होती. दुर्बीण ताऱ्याचा उजेड गोळा करून एका केसाएवढ्या फटीवर आणून सोडायची. फटीतून तो यंत्रात शिरायचा आणि पलीकडे लांबलचक पट्टा होऊन पसरायचा. पट्ट्यात मधेमधे काळ्या रेघा असायच्या. तारा किती तापलेला आहे, कशाचा बनलेला आहे, जवळ येतोय की लांब चाललाय, सगळं त्या रेघांत लिहिलेलं. वाचणारा पाहिजे.

फिटर वाचायला आला नव्हता. घुमटाच्या झडपांना वंगण घालायला आला होता, चोवीस वर्षांपूर्वी. वंगणाचा डबा हातातून कधी सुटला आणि दुर्बिणीची बटणं कधी हाताखाली आली, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आता तो ऑपरेटर होता, पण नाव फिटरच राहिलं, आणि त्याला ते आवडायचं. शिकलेल्या माणसांच्या नावापुढे अक्षरं असतात, आपल्या नावातच काम आहे, असं तो म्हणायचा.

त्याचा एक तारा होता. म्हणजे तारा सगळ्यांचाच, पण काळजी याची. अकरा वर्षांपूर्वी सामानाची खोली आवरताना त्याला जुन्या काचेच्या प्लेटांची पेटी सापडली. जुन्या काळी पट्ट्याचे फोटो काचेवर घेत. जेवणाच्या सुट्टीत तो भिंग घेऊन एकेक प्लेट खिडकीशी धरायचा. त्यातल्या एका पांढऱ्या ताऱ्याच्या चाळीसेक प्लेटा होत्या. सगळ्यांत रेघ बारीक, फक्त दोन प्लेटांत जाड. त्या दोन प्लेटांमध्ये अंतर नऊ वर्षं आणि वर सहा दिवस.

त्याने तेव्हाच्या मोठ्या साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, "प्लेट धुताना हलली असेल हो."

फिटरने प्लेटा परत पेटीत ठेवल्या. पण प्लेटेच्या दोन्ही कडांना दिव्याच्या रेघा होत्या. ताऱ्याचा पट्टा घ्यायच्या आधी आणि नंतर यंत्रातला एक दिवा लावायचा, त्याच्या रेघांच्या जागा पक्क्या ठाऊक असतात, त्यांवरून ताऱ्याच्या रेघा मोजायच्या. कापडाशेजारी टेप धरतात तसं. प्लेट हलली असती तर टेपही हलली असती. दिव्याच्या रेघा तर सुईसारख्या होत्या. मग जाड झाली ती ताऱ्याचीच रेघ. का? एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे असतील, नऊ वर्षांतून एकदा अगदी जवळून झपकन जात असतील, एक आपल्याकडे येताना, दुसरा लांब जाताना, तर एका रेघेच्या दोन होतील. जुन्या यंत्राला त्या वेगळ्या दिसल्या नसतील, नुसती जाडी दिसली असेल. नव्या यंत्राला दिसतील.

त्या हिशेबाने नऊ वर्षांपूर्वी ते जवळ यायचा आठवडा आला होता आणि आठवडाभर ढग होते. फिटर घुमटाच्या दारात स्टूल टाकून बसायचा.

त्याची बायको शिलाईचं काम करायची. कापडाशेजारच्या टेपेची उपमा तिचीच. ताऱ्याची चौकशी ती जावयाच्या स्थळाची करावी तशी करायची. "काय हो, तुमचा तो तारा सडाफटिंग आहे की संसारी? कळलं का काही?"

"कळेल गं."

"नऊ वर्षं ऐकतेय. तेवढ्यात आपल्या पोरीचं लग्न होऊन तिची पोरगी शाळेत गेली."

आता पुन्हा तो आठवडा आला होता. पहिल्या चार रात्री ढगांनी खाल्ल्या. आज आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. आणि उद्या सकाळी दुर्बिणीचा आरसा नवा मुलामा द्यायला उतरणार होता. पुढची खेप नऊ वर्षांनी, तेव्हा फिटरला घरी बसून सात वर्षं झालेली असणार. म्हणजे जे काही व्हायचं ते आजच.

पण आजची रात्र फिटरची नव्हती. ती एका संशोधक बाईंना मिळाली होती. त्या लांबून आल्या होत्या, पहिल्यांदाच, आणि दुपारी तीन वाजता कंट्रोल रूममध्ये चहाचा कप बाजूला सारून रात्रीची यादी लावत बसल्या होत्या. वय फिटरच्या मुलीएवढं.

"काका, एवढं बघता का? कुठे चुकलं असेल तर सांगा."

फिटरने चष्मा चढवला. यादी नीट लावलेली होती. मावळतीकडचे तारे आधी, उगवतीकडचे नंतर, प्रत्येक ताऱ्याच्या अलीकडे पलीकडे दिवा. एक तारा संपला की दुसरा, पहाटेपर्यंत श्वास घ्यायला जागा नाही. आपल्या ताऱ्याला वीस मिनिटं मागायची कुठून?

मग त्याचं बोट चौथ्या ताऱ्यावर थांबलं. तारा बराच खाली होता. आणि परवाच्या वाऱ्यात घुमटाच्या झडपेची खालची फळी रुळावरून वाकून अडकली होती. वरची झडप उघडत होती, खालची उघडत नव्हती. नवा रूळ यायला आठवडा होता. क्षितिजापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंतचं आभाळ झाकलेलं. चौथ्या ताऱ्याची वेळ येईल तेव्हा बाईंना दिसणार होता रंगवलेला पत्रा. पाऊण तास दुर्बीण मोकळी. आणि फिटरचा तारा त्या वेळी मावळतीकडे, फळीच्या वर वीतभर.

बोलायचं नाही, एवढंच करायचं होतं. फळीचं दुरुस्तीच्या वहीत लिहिलेलं होतं, त्याच्याच अक्षरात. बाईंनी वही उघडली नाही, यात फिटरचा काय दोष?

त्याने कागद खाली ठेवला. खिडकीशी गेला. घुमटाकडे बघितलं. ती फळी त्याच्या हातची होती, चोवीस वर्षं तिला त्याने तेल पाजलं होतं. तिच्या आडून चोरी करायची म्हणजे घरच्या म्हशीनेच दुधात पाणी घातल्यासारखी गत.

"मॅडम, हा चौथा दिसायचा नाही," तो म्हणाला, आणि फळीचं सगळं सांगितलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "बरं झालं सांगितलंत!" त्यांनी लगेच चौथा खोडला, उगवतीकडचा एक वर उचलला, दोन मागे सरकवले. पाच मिनिटांत यादी पुन्हा गच्च भरली. फिटरच्या डोळ्यांदेखत पाऊण तास गेला.  मागून घ्यायचा स्वभाव नव्हता त्याचा.

"आणि फोकसला कुठला तारा घेता?" बाईंनी विचारलं.

"मुकादम."

"कोण?"

"तांबूस तारा आहे एक. संध्याकाळी सगळ्यात आधी त्याची हजेरी, म्हणून मुकादम. या दिवसांत रोज त्याच्यावर दुर्बीण लावायची, फोकस बघायचा, यंत्राचा पहिला पट्टा घ्यायचा. मी यायच्या आधीपासून तोच आहे. आत्ता यादीच्या डोक्यावर लिहिलाय बघा."

बाईंनी कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं आणि हसू दाबलं. "काका, तुमचा मुकादमही आज फळीमागेच आहे."

फिटर खुर्चीतून अर्धा उठला. दुसऱ्याची चूक काढून पंधरा मिनिटं झाली नव्हती आणि स्वतःच फळीमागचा मुकादम लिहून बसला होता! हाताने लिहिलं होतं, डोक्याने नाही.

"दुसरा कुठला तरी सांगा," बाई म्हणाल्या. "कुठलाही चालेल. जरा उजळ हवा, मावळतीकडे वर असलेला. माझे तारे मंद आहेत, काळोख पडेपर्यंत तसेही अर्धा तास हात चोळत बसायचंय."

कुठलाही चालेल. फिटर पुन्हा खुर्चीत टेकला. अकरा वर्षं तो त्या ताऱ्यासाठी थांबला होता, आज वीस मिनिटं शोधत होता, आणि रात्रीचा पहिला तारा रोज तो स्वतःच निवडत होता. त्याचा तारा उजळ होता. संधिप्रकाशात सहज लागला असता. पण पहिला तारा म्हणजे मुकादम, हे डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं, की ती जागा मोकळी आहे असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

"एक आहे," तो म्हणाला. मग पेटी, भिंग, दोन प्लेटा, नऊ वर्षं सहा दिवस, ढग, सगळं बाहेर आलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. "आणि इतकी वर्षं रोज संध्याकाळी तुम्ही मुकादमाचा पट्टा काढत होतात?"

"हो."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा, काका!"

"शिव्या नंतर द्या मॅडम. आधी लिहा त्याला."

बाईंनी लिहिलं. मग खुर्ची ओढून विचारलं, "त्या प्लेटा कुठे आहेत? मला बघू द्या." अंधार पडायची वाट बघत दोघं खिडकीशी आळीपाळीने भिंग धरून उभी राहिली.

सूर्य बुडाला. घुमटाची वरची झडप कुरकुरत उघडली, खालची रुसून बसली. फिटरने दिवा लावला, दिव्याचा पट्टा घेतला, मग तारा फटीवर आणला. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत तो खुर्चीवर बसला नाही.

पट्टा पडद्यावर उमटला. बाईंनी तो मोठा करायला हात पुढे केला, तर फिटर म्हणाला, "थांबा, नंतरचा दिवा राहिला. नाहीतर पुन्हा कोणीतरी म्हणेल, हलली असेल." दिवा झाला. मगच त्याने मान वर केली.

रेघ एक नव्हती. एक ठसठशीत, तिला लागून एक फिकी, आणि मधे उजेडाची चीर.

 मग बाई हळूच म्हणाल्या, "एक तारा जड असणार, एक हलका. किती पटीने, ते रेघा किती सरकल्या यावरून मोजता येईल का हो?" फिटर केव्हाचा पडद्याला पट्टी लावून बसला होता.

पहिल्या मंद ताऱ्याला अजून सात मिनिटं होती. त्याने घरी फोन लावला. मशीनची घरघर थांबली.

"बोला. सडाफटिंग?"

"संसारी निघाला."

"अगंबाई! आणि ती कशी आहे?"

"जरा फिकी आहे. पण तिची रेघ वेगळी दिसते."

"दिसायलाच पाहिजे," बायको म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

फिटरने फोन खिशात टाकला आणि बाईंच्या पहिल्या ताऱ्यासाठी दिवा लावला.