पालकमेळावा फडावर

फोन आला तेव्हा मी वर्गात होते. "शैला मॅडम गेल्या," एवढंच ऐकू आलं... आणि खरं सांगते, मला दुःखाआधी धास्ती वाटली. कविताचं आता काय होणार?

शैला आणि मी एकाच कॉलेजात शिकवायचो. कविता आमची विद्यार्थिनी. आईवडील ऊसतोडीला, म्हणून शैलाच्या घरी राहायची. आमच्याकडे विद्यार्थी साहाय्य कक्ष आहे, बाहेर झकास फलक आहे, समुपदेशनाची वेळही ठरलेली आहे. नेमकी खेड्यातल्या मुलांची, मिरजगावची एसटी सुटायची वेळ! पालकमेळावा घ्यायचा तो ऐन गळीत हंगामात, निम्मी गावं रिकामी झाल्यावर. मग अहवालात 'पालक उदासीन' लिहून मोकळे. शैला कक्षाची प्रमुख झाली आणि पहिल्याच बैठकीत भडकली. "अहो, आईबाप फडात आहेत, सभागृहात कुठून उगवतील?"

तिनं मेळावा थेट उसाच्या फडावर नेला. मलाही ओढत नेलं. उसाच्या वाळल्या पाचटावर बसकण मारून ती कविताच्या वडलांशी, आबांशी बोलत होती, आणि आबा हातातला कोयता काही खाली ठेवत नव्हते. "लगीन ठरतंय तिचं. नवराबायकू मिळून एक कोयता धरत्यात, मॅडम, जोडीलाच काम मिळतं. शिकून काय करनार?" शैला म्हणाली, "पदवी होईपर्यंत थांबा. तोवर ती माझ्याकडे." आबांनी मान डोलावली. "तुमच्या भरवशावर."

आता तो भरवसाच गेला होता. शैलाच्या दहाव्याला आबा आले ते कविताची पिशवी भरायलाच. शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर. कविताच्या राहण्याचं कक्षात विचारलं तर म्हणे, अशी तरतूद नाही. एका बाईच्या जिवावर चालला होता की हो सगळा कार्यक्रम! "आता कुनाच्या भरवशावर ठेवू?" आबा म्हणाले. "माझ्या!" मी ओरडलेच. ते पिशवी तिथंच ठेवून निघून गेले. कविताला मी घरी आणलं खरं, पण दारात गाडी थांबली की वाटायचं, आबा तिला न्यायला आले.

पेपर सुटताना फाटकाशी उभं राहायची शैलाची सवय होती. परवा पहिल्या पेपरला मी धावतपळत पोहोचले, तर त्या जागेवर आबा उभे. फडावरून तसेच आलेले, अंगावर पाचटाची कुसळं. कविता बाहेर आली आणि त्यांना पाहून थिजलीच. आबांनी तिच्या हातातली पाण्याची बाटली घेतली.

"फुडचा पेपर कवा हाय?" त्यांनी विचारलं.