उतरल्याची नोंद

यासीन नाखवा गेल्याची बातमी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आली. त्याआधी पाच वाजता त्यांचा मेव्हणा हनीफ याचा फोन आला होता. "भाऊ, तुमच्या यादीत दुल्हेभाई अकरा चाळीसला उतरले असं दिसतंय. गाडी तर अजून वादीच्या तोंडाशीच उभी आहे." फुजैरामागच्या डोंगरांतल्या कोरड्या नदीपात्राला इथे वादी म्हणतात. मी शारजात, अल मजाजच्या घरी होतो. "हो, अकरा चाळीस," मी म्हणालो. एवढेच म्हणालो. पोलिसांना यासीनभाई पायवाटेच्या बऱ्याच वर, एका खडकाला टेकून बसलेले सापडले. पाण्याच्या दोन्ही बाटल्या भरलेल्या होत्या.

ते फुजैरा बंदरावर, जहाजांना इंधन पुरवणाऱ्या एका टर्मिनलमध्ये कागदपत्रांचे काम पाहत. गाव दापोलीजवळचे. तरुणपणी बोटीवर होते तेव्हा जपानच्या बंदरांत मुक्काम पडे, आणि बाकीचे खलाशी बाजारात जात तेव्हा हे डोंगराकडची बस शोधत. पुढे नोकरी जमिनीवर आली, तरी रजा साठवून ते जपानला जात राहिले. परत आले की इंटरनेटवरच्या आमच्या गटात सगळे लिहून ठेवत. गटात पुण्या-नाशिकचे आणि आखातातले मराठी गिर्यारोहक. मजकूर अगदी कोरडा. कोणत्या खोऱ्यातून शेवटची बस किती वाजता सुटते, वरची मुक्कामाची हट कधी बंद होते, साखळी धरून चढायचे कुठे, शौचालयासाठी शंभर येनची नाणी का जवळ ठेवायची. सूर्योदयाचे वर्णन कधीच नाही. मी एकदा तसे सुचवले. "सूर्य सगळ्यांना दिसतो, हबीबी," ते म्हणाले. "पाणी कुठे आहे ते सांगावं लागतं." प्रत्येक ओळीपुढे ते एक शब्द टाकत, 'पाहिलं' किंवा 'ऐकलं'. मी मुंबईत वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षे काढली होती. त्या दोन शब्दांमुळेच मी त्यांच्याकडे ओढला गेलो, आणि पुढे त्यांचा मजकूर तपासून देऊ लागलो.

जपानमध्ये डोंगराच्या पायथ्याशी एक पेटी असते. चढणारा आपले नाव, वाट आणि परतीची वेळ कागदावर लिहून तीत टाकतो, आणि खाली आल्यावर तसे कळवतो. ही रीत यासीनभाईंनी गटात आणली. जो चढेल त्याने यादीत नोंद करायची आणि एक 'खालचा माणूस' नेमायचा. ठरल्या वेळेपर्यंत नोंद बंद झाली नाही, तर दोघांच्याही फोनवर आपोआप संदेश जाई, 'उतरलात का?' नोंद बंद होईपर्यंत तो येतच राही, आधी लागोपाठ, मग रोज त्याच वेळी. बहुतेकांचा खालचा माणूस तेच असत. जपानमधली संध्याकाळ म्हणजे इथली दुपार. टर्मिनलच्या कँटीनमध्ये डबा उघडून, न जेवता ते फोनकडे बघत बसत. एकदा अल ऐनची एक नर्स उत्तरेकडच्या एका शिखरावरून परतली आणि कळवायचे विसरून थेट गरम पाण्याच्या कुंडात जाऊन बसली. बोटीवर शिकलेल्या मोडक्या जपानीत यासीनभाईंनी तीन हट्सना फोन केले. शेवटी तिचा आवाज ऐकल्यावर म्हणाले, "सिस्टर, आंघोळ मागाहून. आधी 'उतरले' लिहायचं. माझा भात पार थंड झाला."

स्वतःच्या बाबतीत मात्र ते ढिले होते. फुजैरामागच्या डोंगरावर सरावाला जात, उतरले की परस्पर मासळीबाजारात शिरत आणि नोंद विसरत. "नियम फक्त आम्हालाच का, यासीनभाई?" मी विचारी. "तो डोंगर नाही हो, आमचं परसदार आहे," ते म्हणत. त्यांचा खालचा माणूस मी होतो. हळूहळू त्यांची नोंद मीच बंद करू लागलो. ते उतरलेलेच असत.

त्या शनिवारी बाराच्या सुमारास माझा फोन वाजला. 'उतरलात का?' दोन्ही हातांत किराण्याच्या पिशव्या घेऊन मी इमारतीच्या पार्किंगमध्ये उभा होतो. संदेश दुसऱ्यांदा आला. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि लिहिले, 'उतरले, 11.40.' वेळ घातली की बातमी खरी वाटते, हे मी डेस्कवरच शिकलो होतो.

तिसऱ्या दिवशी मी फुजैराला गेलो. गटात लोक लिहीत होते, यासीनभाई शिस्तीचे, शेवटच्या दिवशीही नोंद बंद करून गेले. नोंद कोणी केली हे यादीत दिसत नाही. डॉक्टर म्हणाले होते, हृदय बंद पडले, बहुधा दुपारच्या आतच. डेस्कवर हा 'बहुधा' मी नेहमी खोडत असे... यासीनभाईंच्या पत्नी रुबिनाभाभी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "उतरले असं बघून मी भात लावला. मग परत वर कशाला गेले असतील? काय विसरलं होतं वर?" त्यांच्या मुलीने हात धरून म्हटले, "मम्मा, प्लीज स्टॉप." मी चहा संपवला आणि शारजाला परतलो. चाळीस दिवस तो प्रश्न मी त्या घरात तसाच राहू दिला.

चाळिसाव्याला पुन्हा गेलो आणि सांगितले. 'उतरले' मी लिहिले होते. पाहिले नव्हते, ऐकलेसुद्धा नव्हते. हनीफ उठून बाल्कनीत गेला. भाभी म्हणाल्या, "म्हणजे ते परत वर गेले नव्हते."

"नाही."

"मी बाराला पोरांना वर शोधायला पाठवलं असतं."

"हो," मी म्हणालो.

तिथेच बसून मी यादी उघडली आणि ती नोंद पुसली. आता तिथे 'चढले, 5.40' आहे, आणि पुढचा रकाना रिकामा आहे. गटातल्या ज्यांनी त्यांची शिस्त वाखाणली, त्यांच्यासाठी ही दुरुस्ती इथे छापतो आहे.

त्यांची खोली अजून तशीच आहे. भिंतीवर जपानचा नकाशा, टेबलावर त्यांचा फोन. तो भाभी रोज चार्ज करतात. मी नोंद पुसली आणि जरा वेळाने तो थरथरला. मी म्हणालो, "हे आता रोज येईल. बंद करू?"

"राहू द्या," भाभी म्हणाल्या.

रोज बाराला तो संदेश येतो, तिथे त्यांच्या टेबलावर आणि इथे माझ्या हातात. 'उतरलात का?'